कचरा होतो तो मिसळल्यामुळे

मैत्रिणींनो, ‘शाश्वत शहर’ हा शब्द हल्ली आपल्या कानांवर सारखा पडतो. त्यावर परिसंवाद होतात, नकाशे रंगवले जातात, मेट्रोचे खांब उभे राहतात, गच्च्यांवर सौरऊर्जेची तावदानं बसतात. सगळं चांगलंच आहे. पण हे वाचताना आपल्याला वाटतं, हा मोठ्या लोकांचा मामला, आपण आपल्या पोळ्या लाटाव्यात हे बरं. तर आज मला सांगायचं आहे ते असं, की शहर टिकवण्याचा सगळ्यांत स्वस्त आणि लवकर गुण देणारा उपाय आपल्या ओट्याखालीच आहे. तो म्हणजे कचऱ्याचा डबा. खरं म्हणजे एका डब्याच्या जागी तीन!

“इश्श, आज काय कचऱ्यावर!” असं म्हणून पान उलटू नका. लोणच्याच्या कृतीइतकाच हाही विषय घरचा आहे, आणि लोणच्यासारखाच प्रमाण चुकलं की नासणारा.

आधी एक साधा प्रश्न. कचरा म्हणजे काय? मेथीची देठं कचरा आहेत का? गाईपुढे टाकली तर तो चारा. कालचं वर्तमानपत्र कचरा आहे का? रद्दीवाला त्याचे पैसे मोजून देतो. दुधाची रिकामी पिशवी? तीही धुऊन ठेवली तर विकली जाते. पण ही देठं, ते वर्तमानपत्र आणि ती पिशवी एकाच डब्यात टाकून वर उरलेली आमटी ओता. झालं! आता गाय तोंड लावणार नाही, रद्दीवाला हात लावणार नाही, आणि पिशवीही कामातून गेली. तिन्ही वस्तू कामाच्या होत्या. मिसळल्या म्हणून कचरा झाल्या. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात कचऱ्याचा डबा नव्हताच म्हटलं तरी चालेल. चुलीतली राख भांडी घासायला, शेण आणि पालापाचोळा उकिरड्यात, उकिरड्याचं खत शेतात. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. शहरात आल्यावरही बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देऊन जाई आणि भंगारवाला मोडकी बादली घेऊन जाई. त्या बायकांनी पर्यावरणाचा अभ्यास केला नव्हता. वस्तू महाग होत्या आणि फेकायला जीव होत नव्हता, इतकंच. पुढे वस्तू स्वस्त झाल्या, प्लॅस्टिक आलं, फ्लॅट आले, अंगण गेलं आणि सगळं एका पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवायची सवय लागली.

दाराबाहेर ठेवलं की कुठं जातं?

आपल्या दृष्टीनं पिशवी दाराबाहेर गेली की विषय संपला. पण ती कुठं तरी जातेच ना? पुण्याचंच उदाहरण घेऊ. पूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला पडत असे; तेव्हा कोथरूड म्हणजे गावाबाहेर. शहर तिकडे पसरलं, बंगले-इमारती झाल्या, तशी तिथल्या लोकांना घाण सोसवेना. मग कचरा सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो उभा आहे. म्हणजे आपल्या दारचं गेलं ते शेजारणीच्या दारात पडलं. त्या गावांतल्या विहिरींचं पाणी बिघडलं, माशांनी आणि वासानं लोक हैराण झाले. २०१७च्या उन्हाळ्यात तिथल्या कचऱ्याला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी शहरातून येणाऱ्या गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले. तेव्हा कुठं शहराला कळलं की आपली पिशवी कुणाच्या तरी विहिरीशी जाऊन पडते.

मुंबईच्या भगिनींना हे नवीन नाही. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. २०१६च्या जानेवारीत तिथं आग लागली, तेव्हा तो धूर उपग्रहातून घेतलेल्या चित्रांतसुद्धा दिसला. शेजारच्या वस्त्यांतल्या लेकरांच्या छातीत तो किती गेला असेल, याचा विचार करा.

आता ही आग लागते कशी? कुणी काडी टाकली तर लागतेच, पण जळायला इंधन आपण पुरवतो. आपल्याकडच्या शहरांत घरोघरच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्याचा असतो: साली, देठं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न. हे उघड्यावर, हवा लागून कुजलं तर त्याचं खत होतं. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टनावारी ढिगाखाली दाबलं की हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा. तो पेट घेतो आणि ढीग आतल्या आत धुमसत राहतो. शिवाय पृथ्वी तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी. त्याच ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीला लागतं. मैत्रिणींनो, धूर, वास आणि खराब पाणी या तिन्हींचं मूळ एकच: ओलं आणि सुकं एकत्र बांधलं.

आपल्या पिशवीत हात कुणाचा जातो?

आपण मिसळलेलं कुणाला तरी निवडावं लागतं. ते काम वर्षानुवर्षं बायकाच करत आल्या आहेत. कचराकुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या, पाठीवर गोणी घेतलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना कुत्री भुंकत, पोलीस हटकत आणि आपण नाकाला पदर लावत होतो. पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी या बायांमध्ये काम सुरू केलं. डॉ. बाबा आढाव यांची साथ मिळाली, आणि १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. आम्ही भीक मागत नाही, चोरी करत नाही, काम करतो आणि शहराचा खर्च वाचवतो, हे या बायांनी संघटना करून सांगितलं. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली.

पुढे २००८ साली त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी करार करून या बाया घरोघर जाऊन कचरा घेऊ लागल्या. घरामागे महिन्याची ठरलेली रक्कम, आणि सुकं विकून येतील ते पैसे त्यांचे. तीन हजारांहून अधिक कष्टकरी या संस्थेचे सभासद झाले, आणि त्यांत बायकाच जास्त. कुंडीत वाकणारी बाई आपल्या दाराशी ताठ उभी राहिली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण आता आपल्या दाराशी येणाऱ्या मावशीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सुकं वेगळं, कोरडं, स्वच्छ मिळालं तर तिला त्याचा भाव येतो. तेच आमटीत भिजलं तर पुठ्ठ्याला भाव नाही, पिशवीला नाही. शिवाय दोन-तीनशे घरांची घाण हातानं निवडायची, त्यात ब्लेड निघायचं, फुटकी काच निघायची, आणखीही काय काय. आपली दोन मिनिटं वाचतात, तिचे दोन तास जातात. तिला दिवाळीला साडी द्याच, पण रोज सुकं वेगळं दिलंत तर तिला बारा महिने पावलं.

तीन डबे: काय कुठं?

पहिला डबा ओल्याचा. यात साली, देठं, चहाचा चोथा, खरकटं, देवाची निर्माल्य फुलं. डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा अंथरा. खरकट्याचं पाणी मोरीत गाळून मगच डब्यात टाका. निम्मा वास तिथंच जातो. डबा रोज धुऊन उन्हात पालथा घाला.

दुसरा डबा किंवा एखादी जुनी गोणी सुक्याची. कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही, गटारात जातो. पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळून खिळ्याला अडकवली की तासाभरात कोरडी. सुकं रोज द्यायलाच हवं असं नाही. आठवड्यातून दोनदा दिलं तरी चालतं, कारण त्याला वास येत नाही.

तिसरा डबा जपून हाताळायच्या वस्तूंचा. इथं जरा स्पष्ट बोलायला हवं. सॅनिटरी नॅपकिन आणि लहान मुलांचे डायपर यांविषयी बोलायचं नाही अशी आपल्याला सवय, पण आपण बोलत नाही म्हणून दुसऱ्या बाईला ते हातानं उघडावं लागतं. हे जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, दोऱ्यानं बांधा आणि वर लाल पेनानं मोठा ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की मावशी समजते, हे उघडायचं नाही. २०१३ साली पुण्यातल्या या कष्टकरी बायांनी वापरलेले नॅपकिन पाकिटांत घालून थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिले होते: तुमचा माल, तुम्हीच पाहा! पुढे २०१६च्या घनकचरा नियमांत, असा माल बनवणाऱ्यांनी तो गुंडाळायला वेष्टण द्यावं असं कलमही आलं. वेष्टण मिळालं तर वापरा, नाही तर वर्तमानपत्र आहेच.

फुटलेली काच आणि ब्लेडं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून त्यावर ‘काच’ असं लिहा. संपलेले सेल, दिव्याच्या नळ्या, मुदत गेलेली औषधं एका खोक्यात साठवा आणि महापालिकेच्या संकलनाच्या दिवशी वेगळी द्या. औषधं मोरीत ओतू नका.

ओलं घरातच जिरवलं तर?

इथवर आलात तर एक पाऊल आणखी टाका. ओलं घराबाहेर जाऊच द्यायचं नाही. “फ्लॅटमध्ये कसलं खत!” असं म्हणाल. पण श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’नं शहरातल्या गच्चीवर, घरच्याच काडीकचऱ्याची माती करून भाजी पिकवता येते हे कधीच दाखवून दिलं आहे. विकतचं यंत्र लागत नाही. कृती अशी:

एक जुनी बादली किंवा मोठी कुंडी घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या पसरा. त्यावर चार बोटं सुका पालापाचोळा आणि दोन मुठी जुनं खत किंवा शेणखत घाला. हे खत म्हणजे विरजण. त्यातलेच जीवजंतू पुढचं काम करतात. मग रोजच्या साली-देठं बारीक चिरून पसरा आणि त्यावर दुप्पट पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. दर तीन-चार दिवसांनी काठीनं खालीवर करा, म्हणजे हवा खेळेल. तोंडावर जुनं सुती फडकं बांधा.

ओल किती हवी? एक मूठ दाबून पाहा. हात ओलसर व्हावा, पण पाणी ठिबकू नये. आंबूस वास आला तर समजा ओलं जास्त झालं, सुका पाला वाढवा आणि ढवळा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं पडलं, पाण्याचा हबका मारा. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. त्या कुजवायलाच मदत करतात. अगदीच किळस वाटली तर कडुनिंबाचा पाला आणि सुका भुसा मिसळा. आमटी-रस्सा, तेल, दूध, मटण-मासळी यात घालू नका. करवंट्याही नकोत, लवकर कुजत नाहीत. बादली भरली की दीड-दोन महिने तशीच झाकून ठेवा आणि तोवर दुसरी सुरू करा. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारं झालं की खत तयार. चाळून तुळशीला, कढीपत्त्याला घाला. एवढी सगळी बादली भरून शेवटी थोडंसंच खत निघतं, म्हणून ‘ते ठेवू कुठं’ ही काळजी नको.

आता थोडा हिशेब. आठ दिवस रोजचं ओलं काट्यावर तोलून वहीत लिहा. समजा, अर्धा किलो निघालं. वर्षाचं झालं १८० किलोंच्या वर. चाळीस बिऱ्हाडांची इमारत असेल तर सात टनांच्या वर! एवढं वजन ट्रकमध्ये भरायचं, वाहून न्यायचं, कुणाच्या गावात ओतायचं, आणि त्याचं डिझेल आपल्याच करातून भरायचं. तेच घरी जिरवलं तर खर्च पालापाचोळ्याचा, म्हणजे शून्य.

तुम्ही विचाराल...

“आम्ही वेगळं करतो हो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात!” ही तक्रार खरी आहे आणि सगळीकडची आहे. त्यावर दोन उत्तरं. एक, चार जणींनी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. २०१६च्या नियमांनी वेगळा कचरा देणं जसं आपल्यावर बंधनकारक केलं, तसं तो वेगळाच नेणं नगरपालिकांवर केलं. दुसरं, जे ओलं तुमच्या बादलीत जिरलं ते गाडीत चढतच नाही. ते कोण मिसळणार?

“एकट्या माझ्या घरानं काय होणार?” कोकणातल्या वेंगुर्ल्याचं नाव ऐकलं असेल. लहानसं गाव. नगरपरिषदेनं घरोघरचा कचरा निवडून घेतला, ओल्यापासून गॅस केला, आणि जिथं कचऱ्याचा ढीग होता तिथं बाग झाली. आता लोक ती पाहायला जातात! तिथंही सुरुवात कुणाच्या तरी ओट्याखालच्या डब्यापासूनच झाली.

“सोसायटीचं काय?” हा विषय सर्वसाधारण सभेत काढा. मागच्या अंगणात खताचे दोन हौद बसतात. जागा आणि हौस असेल तर गॅसही करता येतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं आटोपशीर गॅससंयंत्र तयार केलं, त्याला २००६ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या महापालिकेनं खतप्रकल्प, पावसाचं पाणी साठवणं, सौरऊर्जा अशा कामांसाठी मिळकतकरात सवलतही ठेवली. अट एकच, प्रकल्प कागदावर नको, चालू हवा. तुमच्या गावात अशी सवलत आहे का, याची चौकशी करा. पैशांची गोष्ट निघाली की सभेत पेंगणारे काकाही जागे होतात!

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. हे सगळं वाचून “म्हणजे आणखी एक काम आमच्याच गळ्यात” असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते रास्तच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी वाटणी करा. सुकं विसळून ठेवणं मुलांकडे, बादली ढवळणं यजमानांकडे, सुक्याची गोणी खाली नेणं ज्याचे पाय मोकळे त्याच्याकडे. चहाची पुडी कुठल्या डब्यात फाडून टाकायची हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. ओट्याखालचे डबे घरातल्या सगळ्यांचे आहेत, कारण खाणारेही सगळेच आहेत.

एकदम सगळं जमणार नाही. या आठवड्यात फक्त ओलं-सुकं वेगळं करा. पुढच्या आठवड्यात लाल ठिपका सुरू करा. महिन्याभरानं बादली मांडा. आणि उद्या सकाळी मावशी दाराशी आल्या की दोन डबे दोन हातांत द्या. “हे ओलं, हे सुकं, मावशी,” एवढंच सांगा. बाकीचं त्यांना समजतं. त्या हे काम आपल्याआधी कितीतरी वर्षं करत आल्या आहेत.